दुर्रीच्या पादुका

"नमस्कार डोळे मिटून कर, मृणाल, दक्षिणा मात्र डोळे उघडे ठेवून दे."

सासूबाईंना, रत्नाबाईंना, जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्या गुरुवारी दुपारी अमेरिकेतल्या नोव्हाय गावी, एका घराच्या बेसमेंटमध्ये, बर्फाने ओल्या झालेल्या बुटांच्या ढिगाशेजारी उभ्या असलेल्या मृणालिनीला त्यांचा आवाज अगदी स्पष्ट आठवला.

समोर बावीस माणसं हात जोडून बसली होती. डॉक्टर, इंजिनिअर, बहुतेक रिटायर्ड. पदव्या ज्याच्या त्याच्या घरी भिंतीवर, आणि डोकं वर कोटांबरोबर हँगरला. भिंतभर टीव्हीवर व्हिडिओ पोकर चालू होता. या खेळात मशीन पाच पत्ते वाटतं. हवे ते ठेवायचे, नको ते टाकायचे, टाकलेल्यांच्या जागी नवे येतात. दश्शीपासून एक्क्यापर्यंत एकाच रंगाचे पाच आले की रॉयल!

"आला!" कुणीतरी किंचाळलं.

बदामाची दश्शी, गुलाम, राणी, एक्का. राजाच्या जागी मात्र इस्पिकची दुर्री. तरीही स्क्रीनवर दिवे लखलखले.

"बघा भक्तहो!" गुरुदत्त महाराजांनी शाल सावरली. "राजा आला नाही, म्हणून कोण आलं? दुर्री! दुर्री म्हणजे दोन. दोन म्हणजे पादुका! माझे गुरू स्वतः चालत आले. लोक म्हणतात, रँडम. अरे, रँडम म्हणजे माझ्या गुरूंचा मूड!"

महाराज पूर्वी बेलव्ह्यू शहरात आयटीत होते. लेऑफ आणि साक्षात्कार एकाच आठवड्यात झाले होते.

"मृणाल, अगं, तासाला एक येतोच," शुभा कुजबुजली. चाळीस वर्षं लोकांना भूल देण्याचा व्यवसाय केलेली डॉक्टर, आता स्वतःच भुलली होती. "आणि नंदा तर आता महाराजांच्या अखंड भंडार निधीत घराचे सगळे पैसे देतेय. महिन्याने, गुरुवारीच."

मृणालिनीने नंदाकडे पाहिलं. नवरा जाऊन वर्ष झालेलं. घर विकून ती भाड्याच्या दोन खोल्यांत आली होती. तेवढेच पैसे, आणि उरलेलं सगळं आयुष्य.

"नंदा, थांब जरा."

"माझं नशीबच फुटकं गं. महाराज म्हणतात, माझी श्रद्धा कमी पडते. भंडारात पैसे देऊन अनुष्ठान केलं की पादुका उमटतील."

मृणालिनी रोज पहाटे स्नान करून पूजा करी. गुरुवार, शुक्रवार उपास. कधी कुणावर आवाज चढवला नव्हता. पण त्या दिवशी तिच्या पोटात जे पेटलं त्याला भक्ती म्हणता आलं नसतं. या माणसाने तिच्या देवाचं नाव भाड्याने लावलं होतं. त्याचा उतरलेला चेहरा तिला बघायचा होता, आणि तोही सगळ्यांसमोर.

महाराज भक्तांना व्हॅनमधून कॅसिनोत, स्वतःच्या पैशांनी खेळायला नेत; पुढचे तीन गुरुवार तीही गेली. बायका मशीनवर बसत, ती मागे गोमुखीत हात घालून माळ ओढत असे. महाराज खूश होते. "ताईंचा जप केवढा!" पण जप नव्हताच. एक हात, म्हणजे एक डाव, खेळला की एक मणी. तीस वर्षं तिने ट्रॉयच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली होती. हजार बोल्टांमागे खराब किती, हेच तिचं काम. मनात म्हणे, "देवा, माफ कर. आज तुझं नाव नाही, याची पापं मोजतेय."

चौथ्या गुरुवारी नंदाने पर्समधून चेक काढला, तेव्हा मृणालिनी उठली.

"महाराज, आधी जरा खेळू या? सगळ्यांनी आपापला फोन काढा. हाच गेम फुकट मिळतो. प्रत्येकाने दीडशे हात. एकच नियम: मंत्र म्हणायचा नाही. दर हाताला म्हणायचं, गुरुदत्त लबाड आहे."

"ताई, हा तुमचा अहंकार बोलतोय," महाराज हसले.

"हो. त्यानेही माझ्याबरोबर तीन गुरुवार उपास केलाय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. गंमत म्हणून फोन निघाले. आधी सगळे लाजत पुटपुटले, मग जोर चढला. नवव्या मिनिटाला शुभा ओरडली, "अय्या! पादुका!" मग सोफ्यावरून एक, जिन्यावरून एक. अर्ध्या तासात सात रॉयल, प्रत्येकात दुर्री.

"शिव्या दिल्या तरी गुरू चालत आले," मृणालिनी हळू आवाजात म्हणाली. "कारण हा खेळच तसा आहे. यात चारही दुर्र्या कुठल्याही पत्त्याची जागा घेतात. मशीनच्या काचेवर छापलंय ते. असा रॉयल साधारण साडेपाचशे हातांत एकदा येतो. म्हणजे माझ्या पाच माळा. कधी दोन माळांत, कधी दहा. तासाला सहाशे हात खेळता तुम्ही, मग तासाला चमत्कार होणारच! दुर्रीशिवायचा अस्सल रॉयल पंचेचाळीस हजारांत एक. त्याला पाच नाण्यांवर चार हजार मिळतात, तुमच्या पादुकांना फक्त सव्वाशे."

"आणि लक्ष्मीनारायण?" नंदाने विचारलं. "राजा-राणी आले की जोडा तोडायचा नाही, असं महाराज म्हणाले होते."

"या खेळात तीन सारख्यांपेक्षा कमी काही आलं, तर दमडी मिळत नाही. हातात दुसरं काही नसेल, तर वेगळ्या रंगांचे राजा-राणी धरून बसण्यापेक्षा पाचही टाकणं कमी तोट्याचं. महाराज स्वतः टाकतात. मी मागे बसून बघितलंय."

"म्हणजे मी राजा टाकायला हवा होता?"

"पत्त्यातला, नंदा. फक्त पत्त्यातला."

नंदा रडू लागली.

खेळताना मशीनमध्ये घालायचं कॅसिनोचं कार्ड महाराज प्रसाद म्हणून लाल पिशवीत घालून देत. मृणालिनीने आपलं कार्ड पिशवीतून बाहेर काढलं आणि शुभाच्या हातात दिलं. "नाव वाच."

"गुरुदत्त..." शुभा थबकली. "सगळ्यांची कार्डं यांच्याच नावाची?"

"तुम्ही खेळता, पॉइंट यांना. त्या पॉइंटांवर कॅसिनोत यांची खोली फुकट, जेवण फुकट. तुम्ही हरलात की श्रद्धा कमी, मग अनुष्ठान! आणि ऐका, त्या मशीनवर अगदी अचूक खेळलात तरी शेवटी मशीनच जिंकतं. देवावर श्रद्धा ठेवा, मीही ठेवते. पण कुणी चमत्कार दाखवला तर आधी नियम वाचा. मग मोजा, आणि त्याच्याशिवाय तेच करून बघा. जमलं, तर तो चमत्कार नव्हे."

नंदाने चेक फाडला. महाराजांचा चेहरा उतरला. मृणालिनीने तो डोळे भरून पाहिला. तिला अजिबात वाईट वाटलं नाही.

बूट चढवताना ते गुरगुरले, "ट्रॉयचे भक्त असे नास्तिक नाहीत. उद्या अकराला तिथे भंडारा आहे."

"मी येते," मृणालिनी म्हणाली. "तिथे, आणि पुढे जिथे जिथे बसाल तिथेही. वचन देते."

शुक्रवारी सकाळी तिने पूजा आटोपली, उपासाचं पाणी भरून घेतलं. काचेवरचा बर्फ खरवडला, गाडी काढली आणि ट्रॉयच्या रस्त्याला लागली.