आईच्या गाठी

मी शिलाई कारखान्यात धागे कापते. शर्ट समोर आला की उलटा करायचा, शिवणीबाहेर डोकावणारा प्रत्येक दोरा कातरायचा आणि पुढे सरकवायचा. एकोणीस वर्षं हेच. सुपरवायझर मला कात्रीबाई म्हणतात आणि खोटं कशाला सांगू, मला त्याचा अभिमान होता.

आई गेली तेव्हा पंधरा दिवसांची रजा टाकून बाबांकडे राहिले. माझ्या लग्नानंतर काही वर्षांनी त्यांची नजर गेली. तरी कपडे नेहमी शोभतील असे घातलेले. मला वाटायचं, आईच काढून देत असेल.

एका दुपारी ते झोपले होते, म्हणून कपाट आवरायला घेतलं. प्रत्येक कॉलरच्या आत, प्रत्येक पँटच्या कमरेला दोऱ्यांची टोकं, गाठी मारून तशीच सोडलेली. आईला शेवटी शेवटी धड दिसत नसावं, या विचाराने मी हळहळलेसुद्धा. तासाभरात सगळं साफ करून टाकलं आणि बाबा उठल्यावर ऐटीत सांगितलं, कपाट आवरून ठेवलंय म्हणून.

"हात फिरे तिथे लक्ष्मी फिरे," बाबा कौतुकाने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून ते बराच वेळ कपाटापुढे उभे होते. एकेक कॉलर चाचपत होते.

"काय शोधताय?"

"गाठी कुठे गेल्या गं?"

मला काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं. "एक गाठ पांढरा, दोन निळा, तीन चौकडीचा. नुसता फास असेल तर बटण सैल आहे, घालायचा नाही. तुझ्या आईची युक्ती. मी तिच्यावर चिडलो होतो, मला लहान मुलासारखे कपडे घालू नकोस म्हणून. दोन दिवस बोलली नाही. मग सुई घेऊन बसली."

दवाखान्यातल्या खाटेवर आई पिशवीभर कपडे घेऊन बसायची, ते आठवलं. "इथे कसली शिवणटिपण? पडून राहा ना," मी खेकसले होते. "एवढे स्वेटर झाले की सुटले," ती म्हणाली होती. मला वाटलं, वेळ जात नाही म्हणून करतेय. आपल्यामागे बाबांना कुणाच्या तोंडाकडे बघायला लागू नये, म्हणून ती हिवाळ्यापर्यंतची सोय करत होती. दोन्ही डोळे शाबूत असून मला ते दिसलं नाही, आणि कात्री मात्र बरोबर चालली. स्वतःची इतकी चीड मला कधीच आली नव्हती.

त्याच दिवशी बसून मी सगळ्या गाठी पुन्हा मारल्या. बारीक, एकसारख्या. संध्याकाळी बाबांनी एक शर्ट घेतला, कॉलरवरून अंगठा फिरवला.

"छान झाल्यात," ते म्हणाले. मग विचारलं, "जुने दोरे ठेवलेस का कुठे?"

"केरात टाकले, बाबा."

"आणि केर?"

"सकाळीच गाडी घेऊन गेली."

"बरं."

त्यांनी कॉलरवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. मग शर्ट माझ्यापुढे केला.

"हा कुठला गं?"

दोन गाठी होत्या त्याला. त्यांच्या अंगठ्याखालीच होत्या.

"निळा," मी सांगितलं.