आधी रिकामी रेघ

____________________________________

मित्रांनो, वरची रेघ पाहिलीत? ती मी काढली आहे. तिच्यात काहीही नाही. कुठलीही गोष्ट सांगण्याआधी मी अशी एक रेघ काढतो. का, ते हळूहळू कळेल.

मी एक जुना अवरक्त वर्णपटमापक आहे. नाव ऐकून पळू नका. प्रयोगशाळेतही हे नाव कुणी पुरतं उच्चारलं नाही. सगळे मला ‘आयआर’ म्हणत, आणि लाडात आले की ‘आजोबा’.

माझ्या पोटात एक कांडी तापून लाल होते. शेकोटीसमोर हात धरला की जी ऊब जाणवते, तसला न दिसणारा प्रकाश तिच्यातून निघतो. तो मी पदार्थाच्या एका थेंबातून पाठवतो. पदार्थातले अणू जणू स्प्रिंगांनी एकमेकांना बांधलेले असतात आणि प्रत्येक स्प्रिंगची लय निराळी असते. आपल्या लयीचा प्रकाश आला की ती तो गिळते. तिने गिळला की इकडे माझं पेन सरकत्या कागदावर खाली घसरतं. खड्डा पडतो.

डावीकडे रुंद खड्डा पडला, तर समजायचं की ऑक्सिजनला हायड्रोजन चिकटलेला आहे. मधे अरुंद आणि खोल पडला, तर कार्बनने ऑक्सिजनला दोन्ही हातांनी धरलं आहे. उजवीकडे नुसती गर्दी.

माझं आयुष्यही मी तसंच सांगणार आहे. डावीकडून उजवीकडे, खड्ड्याखड्ड्याने.

रुंद खड्डा

मी जिथे तयार झालो तिथे माझे आरसे बसवणारी कारागीर श्वास रोखून काम करायची. आरशावर वाफ नको म्हणून. माझी पहिली आठवण तीच आहे. कुणीतरी माझ्यासाठी श्वास धरला होता.

कारण मला पाण्याचं वावडं आहे. थेंब धरायला मला ज्या दोन खिडक्या लागतात, त्या काचेच्या चालत नाहीत. काच माझा प्रकाश अडवते. म्हणून माझ्या खिडक्या मिठाच्या आहेत. होय, मिठाच्या! मोठा स्फटिक कापून, घासून, आरपार दिसेल अशा चकत्या केलेल्या. पाणी लागलं की त्या विरघळतात. दमट हवेतही त्या पाणी ओढून घेतात आणि डोळ्यात मोतीबिंदू उतरावा तशा धुरकट होतात. त्यांना कडेने धरायचं, काम झालं की कोरड्या बरणीत ठेवायचं. बरणीच्या तळाशी निळे खडे असतात. ते ओलावा पितात आणि पोट भरलं की गुलाबी होतात. गुलाबी दिसले की भट्टीत भाजून पुन्हा निळे करायचे.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे बाई म्हणत. बाईंचे सांधे आखडत. सकाळी त्यांची बोटं वळत नसत, त्यामुळे माझ्या चकत्या त्यांना पकडता यायच्या नाहीत. त्या टेबलाशी उभ्या राहून सांगायच्या आणि दुसरं कुणी करायचं. पण प्रत्येक नव्या माणसाला त्या स्वतः एक शिस्त लावत. “आधी रिकामी रेघ. चकत्यांत काही न घालता आजोबांना चालवा. स्वतःचं तोंड धुतलेलं आहे ना ते बघा, मग दुसऱ्याचं बघा.”

मला हे फार आवडायचं. मी जे दाखवतो ते खरं असतं. पण ते पदार्थाचं खरं, की माझ्या खिडक्यांचं, हे मला सांगता येत नाही. ते विचारणाऱ्यानेच ताडून पाहावं लागतं.

खोल खड्डा

बाईंच्या हाताखाली दोन संशोधक होते. एकीला सगळे ‘एकमिनिट’ म्हणत, कारण काहीही ऐकलं की तिचं पहिलं उत्तर “एक मिनिट” हेच असायचं. तिच्या सासूबाई फोनवर म्हणत, “अगं, तुझ्या एका मिनिटात दूध उतू जाऊन ओटासुद्धा पुसून होतो!” दुसरा होता ‘झालंच’. त्याला कुठलंही काम सांगा, “झालंच!” हात चपळ, मन मोकळं. दोघं सख्ख्या भावंडांसारखी भांडत.

एकमिनिट कित्येक वर्षं एकच पदार्थ बनवू पाहत होती. आखडणाऱ्या सांध्यांवर तो चालेल अशी तिची अटकळ होती. बाईंसाठी करतेय असं ती कधी म्हणाली नाही, पण बाईंनी बरणीचं झाकण उघडायला घेतलं की हिचा हात आधी पोहोचायचा. आता तिची मुदत संपत आली होती. पदार्थाची कुपी दुसऱ्या गावच्या तपासणी-प्रयोगशाळेत जायची होती. तिथे तो एकदाच तपासला जाणार होता. नापास झाला तर ती कल्पनाच कायमची कपाटात.

कुपी नेणारा माणूस दारात उभा होता. शेजारच्या थंड खोलीतल्या वजनकाट्याने नुकताच निकाल दिला होता. हा साधा काटा नव्हे, मित्रांनो. डोळ्याला न दिसणाऱ्या कणावरून तो रेणूचं वजन सांगतो. काय त्याची नजर! मी तर त्याला मनातल्या मनात नमस्कार करतो. त्याने सांगितलं, “वजन बरोबर.”

मग झालंचने घाईघाईत चकत्या काढल्या, थेंब ठेवला, मला चालू केलं. रिकामी रेघ काढली नाही. तेवढ्यात बाई आल्या.

माझं पेन निघालं. डावीकडे रुंद खड्डा. “आला!” झालंच टाळ्या वाजवत ओरडला. हव्या त्या पदार्थात तोच असायला हवा होता. पेन पुढे गेलं आणि मधे खोल खड्डा पडला. तो असायला नको होता.

“हे काय?” बाईंनी विचारलं.

“ॲसिटोन असेल. भांडी धुतलेली ना त्याने, थोडं राहिलं असणार. ते काय, उडून जाईल. पाठवायचं? झालंच!”

“एक मिनिट,” एकमिनिट म्हणाली.

“घ्या! सुरू झालं हिचं मिनिट. अगं, वजन जुळलं, खड्डा जुळला, आता काय पत्रिका जुळवायचीय?”

ती हसली नाही. “रिकामी रेघ कुठंय?”

 झालंच खाली बघत म्हणाला, “राहिली.”

तिने चकत्या पुसल्या आणि थेंब न ठेवता मला चालवलं. मित्रांनो, मधला खोल खड्डा नाहीसा झाला. पण डावीकडचा रुंद खड्डा तसाच पडला! चकत्यांत काही नसताना. तिने बरणी उचलून खाली पाहिलं. खडे गुलाबी होते.

म्हणजे ज्याला पाहून टाळ्या वाजल्या, तो खड्डा नुसत्या ओलाव्याचा होता.

मग तिने खडे भाजले, चकत्या चकचकीत घासल्या आणि कुपी पंपाला लावून हवा ओढून घेतली. ॲसिटोन असतं तर पार उडून गेलं असतं. एवढं करून तिने पुन्हा थेंब ठेवला. रुंद खड्डा गेला. खोल खड्डा मात्र तसूभर हलला नाही.

“हवा होता तो पाहुणा निघाला,” ती हळूच म्हणाली, “आणि नको होता तो घरचा.”

काय झालं होतं सांगतो. भट्टीची आच जास्त झाली आणि तयार होता होताच तिच्या पदार्थातल्या अणूंनी जागा बदलल्या. त्याच विटा, पण घर वेगळं. म्हणून वजनकाटा फसला. फसला तरी कसं म्हणू? तो विटा मोजतो, घराचा नकाशा काढणं त्याचं काम नव्हे. तळघरात एक मोठा चुंबक आहे. कुठल्या अणूशेजारी कोण राहतं हे तो बिनचूक सांगतो. पण त्याला माल जास्त लागतो आणि त्याच्यासमोरची रांग संपत नाही. तो आठवडाभराने बोलला. “हा तो पदार्थ नव्हे.” ज्याच्या त्याच्या परीने आम्ही तिघंही खरंच बोललो होतो.

त्या दिवशी मात्र चुंबकाआधीच तिला कळून चुकलं होतं. ती माझ्यावर वाकली होती. डोळे भरले.

बाई म्हणाल्या, “रडायचं तर लांब जाऊन रड गं. खिडक्या मिठाच्या आहेत.”

ती रडता रडता हसली. झालंच दारातल्या माणसाकडे गेला. “आज काही नाही, भाऊ. चुकीचं औषध पाठवून खऱ्याला नापास केलं असतं आम्ही.” मग आत येऊन बरणीकडे बोट दाखवत म्हणाला, “हे खडे आजपासून माझे.” आणि ते त्याने पुन्हा कधी गुलाबी होऊ दिले नाहीत.

बाईंनी मुदत वाढवून घेतली. ती कशी, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

एकमिनिटने तीच क्रिया बर्फात बुडवून केली. थेंब थेंब, सावकाश. शेवटी एका दुपारी रिकामी रेघ सरळ आली, काठीसारखी. मग थेंब. डावीकडे रुंद खड्डा. मधे सपाट. कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे चुंबकाची वाट पाहत राहिले. तो “होय” म्हणाला, तेव्हा झालंच एवढा मोठ्याने ओरडला की वरच्या मजल्यावरून कुणी तरी खाली विचारायला आलं.

गर्दी

उजवीकडचा भाग असा असतो. खड्ड्याला खड्डा लागून. वेगवेगळं काढता येत नाही, पण ओळख त्यातच असते.

कुपी गेली. पास झाली, पुढच्या तपासणीला. बाईंची बोटं काही वळली नाहीत. औषधं इतक्या लवकर तयार होत नाहीत.

नवा आयआर आला. त्याला मिठाच्या खिडक्या लागत नाहीत, हिऱ्याच्या एका कणावर थेंब ठेवला की झालं. माझा सबंध कागद सरकेपर्यंत त्याचं उत्तर तयार. शाब्बास रे पोरा!

मी व्हरांड्यात. अंगावर कापड. कापडावर कुणाच्या तरी छत्र्या, रिकामे खोके.

पेनची शाई वाळली.

झालंच दुसऱ्या गावी गेला. जाताना माझी बरणी उघडून पाहिली. निळे.

बाई निवृत्त झाल्या. माझ्या झाकणावर आखडलेला हात ठेवून गेल्या.

धूळ. पावलं. धूळ.

मग एक दिवस कापड ओढलं गेलं. समोर नव्या बाई. केस पांढरे, हातात शाईची बाटली. या कोण, हे मी कुणाला विचारणार! पण मागून कुणीतरी म्हणालं, “बाई, शाळेची मुलं आली,” आणि उत्तर आलं, “एक मिनिट.”

रिकामी रेघ

ती मुलं म्हणजे तुम्ही, मित्रांनो. आज रांगेने आलात, माझ्याभोवती दाटीने उभे राहिलात. माझं मागणं थोडंच आहे. जुनं यंत्र कापडाखाली असलं तरी त्याच्या बरणीतले खडे कुणीतरी निळे ठेवावेत. आणि आमच्यापैकी कुणालाही, मला, वजनकाट्याला, तळघरातल्या चुंबकाला, ज्याला जे येतं तेच विचारावं. नाही येत ते दुसऱ्याला विचारावं. आम्ही एकमेकांवर रुसत नाही.

मघाशी तुमच्यातली एक मुलगी म्हणाली, “पण बाई, यात तर काहीच ठेवलं नाहीत. मग चालवताय कशाला?”

 बाईंनी तिला जवळ ओढून कागदासमोर उभं केलं. पेन टेकलं. ती मुलगी श्वास रोखून बघू लागली.

____________________________________