बाहेरचा रूळ

पिंगळीच्या अलीकडे रेल्वेला एक मोठं वळण आहे. तिथं गाडी माणसाच्या चालीनं यायची, आणि भिवराबाईला तिचा लेक तेवढाच दिसायचा.

लेक चंद्रभान पूर्णेच्या शेडला होता, इंजिनात कोळसा टाकायला. त्यानं जातीबाहेरची बायको केली, तेव्हा बापानं, म्हणजे सटवाजीनं, त्याला घराचं दार बंद केलं आणि भिवराबाईला पूर्णेची वाट. पण शेळ्यामेंढ्यांमागं जन्म गेलेली बाई ती, अशी थोडीच अडते. बाभळीच्या फांद्या वाकवायची लांब आकडी ती आणायची, टोकाला भाकरीचं गाठोडं अडकवायची आणि वळणाच्या आतल्या बाजूला उभी राहायची. चंद्रभान इंजिनातून वाकून गाठोडं काढून घ्यायचा.

"बरी हाईस का, माय?"

"हाय. तू?"

झाली भेट.

सटवाजी त्याच रुळाचा मुकादम आणि आम्ही त्याच्या हाताखालचे गँगवाले. बायको येताना दिसली की हा पाठ फिरवून खडीकडं बघत बसायचा. खडीत एवढं काय बघायचं असतं, देव जाणे.

निजामाची रेल्वे सरकारची झाली, मग जड इंजिनं आली आणि वरून हुकूम आला, गाड्यांचा वेग वाढवायचाय, वळणावर बाहेरचा रूळ उचला. बैलगाडीची चाकं आपापली फिरतात. रेल्वेची दोन्ही चाकं एकाच आसाला जखडलेली, रूळ नेईल तिकडं जाणारी. वेगात वळण घेतलं की भार बाहेरच्या रुळावर लोटतो. तो रूळ थोडा उंच केला की गाडी आत कलते, भार दोन्ही रुळांवर सारखा बसतो आणि हळू जायची गरज उरत नाही.

भिवराबाईला हे कळलं तशी ती आमचं काम चाललं होतं तिथं आली. सगळ्यांदेखत नवऱ्याला म्हणाली, "थोडा कमीच उचला. गाडी हळू येऊ द्या."

सटवाजीनं मान वर केली नाही. "कमी उचलला अन् गाडी जोरात आली, तर बाहेर फेकली जाईल. त्या इंजनात चंद्रभान असतोय."

लेकाच्या लग्नापासून त्यानं ते नाव पहिल्यांदा घेतलं.

"मग नीट उचला," ती म्हणाली.

आम्ही पहारी लावून रूळ उचलला, खाली खडी ठासली. सटवाजीनं रुळांची उंची तपासायची पाणसळ इतक्यांदा लावून पाहिली की आमचे हात भरून आले. इतकं जिवापाड काम त्यानं कधी केलं नव्हतं.

'हळू चालवा'ची पाटी निघाली आणि गाडी आली ती सुसाट. वळणावर इंजिन आत कललं, बाईच्या बाजूला. लेकच वाकला असं वाटून तिनं आकडी उंच केली. चंद्रभाननं हात बाहेर काढला, पण तो रिकामाच पुढं गेला. गाठोडं खडीवर पडून सुटलं. रूळ मात्र जागचा हलला नाही.

सटवाजीनं भाकरीचे तुकडे वेचले, फडक्यात बांधले आणि बायकोच्या हातात दिले. आता 'पूर्णेला जाऊन ये' एवढंच म्हणायचं होतं. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होतो. मला तर वाटलं, पहार घालून ते शब्द त्याच्या तोंडातून उचकटून काढावेत.

"गाडी लय बेस गेली," तो म्हणाला.

"गेली," ती म्हणाली, आणि आकडी खांद्यावर टाकून शेळ्यांकडं निघाली.