दोन तास उन्हात

उल्हासच्या चष्म्याचा नंबर उणे नऊ. चष्मा काढला की समोर बायको उभी आहे की कपाट, हे त्याला आवाजावरून ओळखावं लागे. त्यामुळे आठ वर्षांच्या आर्याचा नंबर एका वर्षात दीडवरून अडीचवर गेला, तेव्हा त्याने मनाशी ठरवूनच टाकलं की पोरीला हे आपणच दिलं.

डॉक्टर दिव्यश्रींनी रोज झोपताना डोळ्यांत एकेक थेंब घालायला सांगितला आणि दोन तास बाहेर खेळायला. नंबर उतरणार नाही, पण वाढायचा वेग कमी होईल, म्हणाल्या. झालं, आयटीवाल्या माणसाला टास्क मिळाला! पुण्याहून बंगळुरूच्या हेब्बाळला येऊन सहा वर्षं झाली, पण या गड्याने सोसायटीचं मैदान धड पाहिलं नव्हतं. आता ऑफिसचे कॉल संपले की सात ते नऊ, दिव्यांच्या झगझगाटात बापलेक बॅडमिंटन खेळू लागले. एक दिवस चुकवला नाही.

सहा महिन्यांनी नंबर तीन झाला. उल्हासने खेळाचं वेळापत्रकच डॉक्टरांपुढे ठेवलं.

"अहो सर, सात वाजता ऊन कुठे असतं?" त्या आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या. "दिवसाचा उजेड हवा. स्वल्प, म्हणजे थोडं, उन्हात सोडा हो मुलीला."

घ्या! एवढा शिकलेला माणूस, पण डोकं नावाला. घरी येऊन त्याने बायकोला, सुचेताला, आपली चूक सांगून टाकली. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या मॅनेजरला, गिरीराजला, स्पष्ट सांगितलं की चार ते साडेपाच मी कॉलवर नाही. सकाळी शाळेची व्हॅन बंद करून तो आर्याला अर्धा तास चालत सोडू लागला. रात्री थेंब घालायचं काम पहिल्यापासून सुचेताकडे होतं, ते तिने सोडलं नाही.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरांनी कागद पाहिला, पुन्हा मशीनवर मोजलं.

"तीनच आहे. डोळा लांबला की नंबर वाढतो, तोही फारसा लांबलेला नाही. हेच चालू ठेवा."

उल्हासने दाराबाहेर येऊन सुचेताला फोन लावला. "तीनच," तो म्हणाला.

"तीनच ना? मग आता तरी स्वतःला दोष देणं बंद कर रे," ती म्हणाली.

त्याने चष्मा काढला. आर्याने त्याच्या हातातून फोन घेतला.

"आई, बाबा रडतोय. पण काळजी करू नकोस, चांगलंच झालंय."