दोन वीत दगड

त्या मंगळवारी मी जेवण घेऊन मठात गेले, तेव्हा बाबा परांचीवर बसून संत लॉरेन्सच्या स्तंभशीर्षावरची काजळी काढत होते. खांबाच्या माथ्यावर, लाल दगडात, नऊशे वर्षांपूर्वी कोरलेला प्रसंग. लोखंडी जाळीवर आडवा संत, खाली विस्तव, शेजारी एक जण भाता मारतोय. बाबांचा मास्क गळ्यात लोंबत होता आणि धूळ ते तोंडानेच फुंकत होते.

“मास्क नाकावर लावतात, बाबा.”

“आल्या इन्स्पेक्टरबाई! चीज कुठलं आणलंयस?”

“शेळीचं. आधी मास्क.”

“हा संत बघ. खालून भाजतायत, आणि पठ्ठ्या पडलाय कसा, दुपारची डुलकी काढल्यासारखा. तुझी पुस्तकं काय म्हणतात यावर?”

हुतात्म्याला वेदना शिवत नाहीत अशी त्या काळची श्रद्धा होती, मी म्हटलं. म्हणून चेहरे वेडेवाकडे असतात ते छळणाऱ्यांचे.

“पुस्तकवाल्यांनी कधी छिन्नी धरली नाही. दोन वीत दगड. त्यात राजा, शिपाई, विस्तव, भाता. वेदना कुठे बसवणार?”

हसता हसता त्यांना खोकला आला. ते पाठमोरे झाले, बराच वेळ खांबाला धरून राहिले. रुमाल खिशात कोंबताना त्यावरचं रक्त मला दिसलं. मला दिसलं, हे त्यांनाही दिसलं.

“पाव शिळा आहे का गं?”

“सकाळचाच आहे,” मी म्हणाले, आणि सॉसेज कापायला घेतलं.

शुक्रवारी पहाटे ते इस्पितळात वारले. फुप्फुसांत चाळीस वर्षांची दगडाची धूळ होती, डॉक्टर म्हणाले. श्वास घेताना बरेच महिने त्रास होत असणार. घरी कुणाच्या लक्षात आलं नाही, त्यांनी विचारलं.



दफनानंतर कबरीपाशी गाव जमलं होतं. बाबांच्या बरोबरीने आयुष्यभर दगडकाम केलेल्या ओदेतने माझा हात धरला. “कधी हूं की चूं नाही. संतच होता आमचा गास्पार, त्याला काही जाणवतच नसे. थडग्याचा दगड मीच घडवणार. एवढंच कोरते, ‘त्याला वेदना शिवली नाही.’ चालेल ना, पोरी?”

पाद्रीबाबांनी मान डोलावली. सगळे माझ्याकडे बघत होते.

“नको, ओदेत,” मी म्हणाले. “त्यांना दुखत होतं. गेल्या हिवाळ्यापासून दुखत होतं. मला माहीत होतं, आणि मी एकदाही विचारलं नाही.”