बर्फाचा दाखला

बारा वर्षं मी लेहला लष्कराच्या संघातून आइस हॉकी खेळलो. गोलकीपर होतो. खेळायचा पगार घेतला आणि पुढचे दोन दात न् उजवा गुडघा तिथंच ठेवून आलो. निवृत्त होऊन फुलंब्रीला परतलो तेव्हा हा गुडघा शेतीच्या कामाचा उरला नव्हता. खेळाडूंच्या राखीव जागेतली नोकरी मला हवीच होती.

कचेरीत कागद तपासायला काकासाहेब नावाचे कारकून. माझा लष्कराचा दाखला त्यांनी दोन बोटांनी बाजूला सारला.

"हे चालत नाय. जिल्हा संघटनेचा दाखला लागतो. त्यांच्या यादीत सांडू नावाचा खेळाडूच नाय."

"जिल्ह्यात बर्फ कुठंय साहेब?"

"मला शिकवता व्हय? मी सोता आइस हॉकीचा खेळाडू. त्याच्यावरच तर लागलो इथं."

"कुठल्या जागी खेळायचात?"

"मैदानावर!" ते ठसक्यात म्हणाले.

संघटना म्हणजे शहागंजातल्या एका कापडदुकानाचा पोटमाळा. दुकानदार नानासाहेब तिचे अध्यक्ष. या गृहस्थानं जन्मात बर्फ पाहिला तो लग्नातल्या मठ्ठ्यात. मला पाहून ते गहिवरले. दुकानातलीच शाल काढली, नारळ मागवला, फोटोवाला बोलावला. आपल्याकडं माणसाचं काम करायचं नसलं की त्याचा सत्कार करतात. मी नारळ धरून ठोंब्यासारखा उभा राहिलो.

"दाखल्याचं काय?" मी विचारलं.

"देतो की. पण लई उशिरा आलात राव. पहिले दोन नंबर आधीच गेले."

सांघिक खेळात एकट्या माणसाला नंबर कसा मिळतो? असल्या माणसाशी काय डोकं लावायचं! नारळ त्यांच्याच टाळक्यात फोडावासा वाटला. पण जिना चढून गुडघा ठणकत होता. मी शाल सावरली आणि खाली बसलो.

दाखला मिळाला. जिल्हास्तरीय आइस हॉकी स्पर्धा, स्थळ वेरूळ, महिना मे. सांडू, तिसरा क्रमांक. पहिला कुणाचा म्हणून यादीत पाहिलं, तर काकासाहेबांचा.

दुसऱ्या दिवशी काकासाहेबांनी तो कागद चष्मा पुसून वाचला, शिक्का मारला आणि माझ्या पाठीवर थाप दिली.

"हरलात म्हणून काय झालं, फौजी? खेळलात, हे महत्त्वाचं."

"व्हय साहेब," मी म्हणालो.