छतावरचे आजोबा

लीलाबाईंचं पत्र आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. द्यायचं नव्हतं असं नाही. काय लिहावं तेच ठरत नव्हतं.

लीलाबाई मळवलीच्या. दर वर्षी लोणावळ्याला येऊन मला घरचा इंद्रायणी तांदूळ देतात. मी फोन उचलत नाही, कारण पलीकडचा माणूस काय विचारेल याची मला आधीच धास्ती वाटते. म्हणून त्यांनी पत्र धाडलं होतं. अक्षर त्यांच्या मुलीचं, पिंकीचं. बोलणं मात्र लीलाबाईंचं.

"भाऊ, मराठवाड्यात पूर आला म्हनून आमच्या बचत गटानं तांदूळ गोळा केलाय. समाजमंदिर पोत्यांनी भरलंय. पंधरा दिसांनी रविवारी तितंच पिंकीचा मंगल परिणय हाय. नवरानवरीला काय पोत्यांवर बसवू? पन कुनालाबी उचलून देनार न्हाई. मागल्या पुराला एक साहेब गोधड्या घेऊन गेलता. माझी गोधडी नंतर बंगल्यावरच्या कुत्र्याखाली दिसली. तुमी लय वाचता. चांगली संस्था कंची, ते कळवा."

लय वाचणाऱ्या माणसाला काहीच ठरवता येत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

मी तीन संस्थांचे अहवाल मागवले. पहिला इतका गुळगुळीत होता की वाचताना मांडीवरून घसरत होता. दुसऱ्यात पानोपानी एकच गृहस्थ निरनिराळ्या लोकांना एकच पोतं देत होते. पोत्यावरचा डाग मी भिंगातून ताडून पाहिला. मग वाटलं, डागावरून माणसांची पारख करणारा मी कोण? तिसरा अहवाल दोनच पानांचा, त्यातलं एक पान उलटं छापलेलं. तो वाचून मला बरं वाटलं. पण मला बरं वाटणं हा काही निकष नव्हे.

लग्न तोंडावर आलं. शेजारचा निलेश म्हणाला, "काका, सरळ फोन करा की त्यांना!"

विचारायची वाक्यं मी कागदावर लिहून घेतली. पहिल्या संस्थेत यंत्र म्हणालं, देणगीसाठी एक दाबा. मी यंत्राला "माफ करा" म्हणून फोन ठेवला. दुसरीकडे कुणी तरी विचारलं, "बॅनरवर नाव कुणाचं टाकायचं?" तोही ठेवला. तिसरीकडे एक मुलगी "रुपाली बोलतेय" म्हणाली, तेवढ्यात माझा कागद पंख्याने उडाला. मी ठेवला.

लगेच फोन वाजला. घाबरून मी तो चक्क उचलला.

"हॅलो, तुमचा फोन कट झाला. काय झालंय?"

"मी... म्हणजे... जरा..."

"आजोबा, घाबरू नका. पाणी कुठवर आलंय?"

"पाणी? ते संध्याकाळी येतं."

"संध्याकाळी वाढतंय? छतावर चढता येईल तुम्हाला?"

"गुडघे दुखतात."

"एकटेच आहात?"

"हो. बरीच वर्षं."

"फोन ठेवायचा नाही हां! ए सोपान, बोट काढ! आजोबा, गाव कोणतं?"

"लोणावळा."



"लोणावळ्यात पूर आलाय?"

"नाही. इथे तांदूळ आहे. म्हणजे तोही मळवलीत."

आता ही रागावणार, असं मला वाटलं. ती इतकी हसली की सोपान बोट सोडून विचारायला आला. मग तिने समाजमंदिर, पिंकी, गोधडी, सगळं ऐकून घेतलं. मी अडखळलो की थांबायची, पण फोन ठेवत नव्हती. शेवटी म्हणाली, "शनिवारी सकाळी टेम्पो पाठवते. त्यात गटातली एक बाई बसू दे. तांदूळ तिनेच स्वतःच्या हाताने वाटायचा."

मी त्याच बैठकीत लीलाबाईंना उत्तर लिहिलं. लोणावळ्यात टाकलं तर वेळेत पोचणार नाही, म्हणून शुक्रवारी लोकलने मळवलीला गेलो. टपालपेटीशेजारच्या दुकानात लीलाबाई हळद घेत होत्या.

"भाऊ! तुमी हितं कुटं?"

"पत्र टाकायला आलो."

"कुनाला?"

"तुम्हाला."

त्यांनी हात पुढे केला. "आना की मग हिकडं."

त्यांनी माझ्यासमोरच वाचलं, तर तोवर मी कुठे बघायचं?

"चार पानं आहेत," मी म्हणालो. "निवांत वाचा."

"आवो, परवा पोरीचं लगीन हाय! तांदूळ कुनाला देऊ, तेवढं तोंडानं सांगा."

"रुपालीच्या संस्थेला द्या. उद्या सकाळी टेम्पो येईल. वाटायला तुमच्यातली एक बाई न्यायची आहे त्यांना."

"भागुबाईला बसवते. ती एक दाना हिकडचा तिकडं व्हऊ द्यायची न्हाई." त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग माझ्याकडे निरखून पाहिलं. "पन ही रुपाली कोन? माझा फोन उचलत न्हाई, आन् तिच्यासंगं बरं बोलला!"

"ते सगळं पत्रात लिहिलंय," असं म्हणून मी त्यांनी पुढे केलेल्या हाताला वळसा घालून पाकीट पेटीत टाकलं.